विळी थांबली

“थांब,” भय्यासाहेब म्हणाले. “विळी थांबली.”

मी थांबले. हातातला कागद तसाच धरून खुर्चीच्या टोकाला बसून राहिले. नोकरीचा माझा तिसरा दिवस होता. कोण थांबलं, काय थांबलं, मला काही म्हणजे काही कळेना.

“मघाचंच वाक्य पुन्हा वाच.”

मी वाचलं. “‘कोंडवाड्यातलं जनावर सोडवून नेण्यासाठी मालकानं, अथवा मालक स्त्री असल्यास तिच्या घरच्या कर्त्या पुरुषानं, समक्ष हजर राहावं, हा जुना नियम आहे तसा ठेवण्यास हरकत नाही.’”

बैठकीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्याशी गोदाकाकू, म्हणजे भय्यासाहेबांच्या पत्नी, विळी घेऊन बसल्या होत्या. समोर ताटात भेंडीचा ढीग. एक अर्धी चिरलेली भेंडी त्यांच्या हातात होती आणि त्या छताकडे बघत होत्या.

“बोल,” भय्यासाहेब म्हणाले.

“मी काय बोलू? तुमचे कायदे, तुमचं तुम्ही जाणा,” काकू म्हणाल्या. “मला आपली चांदूरची मावशी आठवली. घरात पुरुष नाही कोणी. एक गाय होती बिचारीला.”

एवढं बोलून त्यांनी ती भेंडी विळीवर धरली. कच्, कच्, कच्. भय्यासाहेबांनी माझ्याकडे हात केला. “खोडा. नवीन लिही. ‘मालकानं, मग तो पुरुष असो वा स्त्री.’ पुढे चल.”

तर असं होतं आमचं कार्यालय. सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. माझ्या सुनेला तर मी थापाच मारते असं वाटतं. वाटू दे बापडीला.

भय्यासाहेब वाडेगावकर म्हणजे त्या काळी नागपुरात दबदब्याचं नाव. मोठे बॅरिस्टर, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, मग न्यायाधीश, मग नव्या घटनेच्या कामातही त्यांचा हात लागलेला. स्वातंत्र्य आलं, घटना आली, पण कपाटांत इंग्रजांचे शंभर वर्षांचे कायदे आणि नियम तसेच पडलेले. नव्या घटनेत त्यातलं काय बसतं आणि काय बसत नाही, हे निवडून काढायला एक समिती नेमली होती आणि भय्यासाहेब तिचे अध्यक्ष होते. तांदळातले खडे वेचायचं काम म्हणा ना. कार्यालय त्यांच्याच बंगल्यात, सिव्हिल लाइन्समध्ये, पुढच्या दोन खोल्यांत. मी, द्वारका पाठराबे, तिथली लघुलेखिका. बोललेलं मराठीत झरझर उतरून घ्यायचं आणि टाइप करायचं. मिनिटाला शंभर शब्द घेत असे मी. आता ऐंशीच्या पुढे गेल्यावर मिनिटाला एक औषधाची गोळी गिळणं होत नाही, पण तेव्हा घेत असे!

भय्यासाहेबांची नजर अधू झालेली होती. बाटलीच्या बुडासारखा चष्मा. म्हणून त्यांचा एक दंडक होता. ऐकल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही नाही. मग ते मोठ्या कायद्याचं कलम असो नाहीतर शाईच्या दौतीची मागणी असो, ज्यानं तो कागद टाइप केला त्यानंच मधल्या बैठकीत बसून मोठ्यानं वाचायचा. तोही मराठीत. इंग्रजी मसुदा मागाहून. रोज सकाळी साडेआठला हा कार्यक्रम चाले, आणि त्याच वेळी उंबऱ्याशी काकूंची भाजी चिरणं चाले.

पहिले पंधरा दिवस मला वाटे, ते माझं वाचन ऐकताहेत. मग लक्षात आलं, त्यांचा एक कान माझ्याकडे आणि एक विळीकडे असतो. विळी चालू राहिली की सही. विळी थांबली की खोडा. यावर त्या दोघांचं आपसात कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. काकू तर कोणी विचारलं की म्हणायच्या, “मला काय कळतं त्यातलं? मी आपली सांबार निवडत होते.” सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बरं का. पुण्यामुंबईची माणसं सांबार म्हटलं की इडली शोधायला लागतात.

मी तिथं दीड वर्ष काढलं आणि त्या दीड वर्षात मला सोमवारचा कंटाळा असा कधी आला नाही.

मग त्रेपन्न सालच्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं.

मुलगा त्र्यंबक हरकरे. धंतोलीच्या शाळेत गणित शिकवायचा. उंच, सावळा, आणि हसला की वर्गातला मास्तर कुठल्या कुठे पळून जाई. लग्नाची तारीख जूनची सात. मी पेढे घेऊन कार्यालयात गेले. त्या दिवशी होते त्या सगळ्यांना दिले. हेडक्लार्क येनुरकरबाबूंनी पेढा घेतला, तोंडाजवळ नेला आणि पुन्हा खाली कागदावर ठेवला.

“मिस पाठराबे,” ते म्हणाले, “अभिनंदन. पण एक अडचण आहे.”

येनुरकरबाबू वाईट माणूस नव्हते. नियमाच्या बाहेर त्यांना श्वास घेता येत नसे, एवढंच. त्यांनी कपाटातून कार्यालयाच्या नियमांची पुस्तिका काढली आणि बोटानं दाखवलं. नियम अकरा. ‘स्त्री कर्मचाऱ्याचा विवाह ठरल्यास तिनं विवाहाच्या दिवसापूर्वी राजीनामा सादर करावा.’

“हे कधीचं?” मी विचारलं.

“समिती झाली तेव्हापासूनचं. तुम्ही रुजू होताना सही केली आहे याच्यावर.”

केली होती. न वाचता केली होती. दुसऱ्यांचे कायदे दिवसभर मोठ्यानं वाचणारी मी, स्वतःच्या नोकरीचा कागद काही वाचला नव्हता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या, आणि राग कोणावर काढावा तेही कळेना.

“पण कोणी केला हा नियम?”

“जुन्या खात्याचा आहे. तिथून जसाच्या तसा घेतला. मंजुरीची सही आहे.” आणि येनुरकरबाबूंनी पुस्तिका मिटून छातीशी धरली. “पंधरा दिवसांची मुदत आहे. त्याच्या आत आला पाहिजे अर्ज. मला वाईट वाटतं हो.”

पेढा तसाच कागदावर राहिला. मुंग्या लागल्या त्याला.

मी मागच्या अंगणात जाऊन बसले. आमचा चपराशी डोमाजी दारांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होता. साठीचा माणूस, भय्यासाहेबांकडे वकिलीच्या दिवसांपासून असलेला.

“बाई, तुमी काऊन रडून राहिल्या? लगन ठरलं ना?”

“म्हणूनच,” मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

डोमाजीनं बादली खाली ठेवली, विचार केला आणि म्हणाला, “मंग सांगता कायले कोणाले? लगन करा अन् या. मंगळसूत्र पदराआड ठेवा. भय्यासाहेबांले चार हातांवरचा हत्ती दिसत नाई, तुमचे दोन काळे मणी का दिसतीन?”

मला रडताना हसू आलं. पण मग रागही आला. चोरी केल्यासारखं मंगळसूत्र लपवायचं? का म्हणून?

संध्याकाळी महाराजबागेत त्र्यंबकची भेट झाली. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “सोपं आहे. लग्न दिवाळीनंतर करू. तुमचा अहवाल जूनअखेर व्हायचाय ना? तो होऊ दे.”

“आणि दिवाळीनंतर दुसरं काम आलं तर?”

“मग होळीनंतर.”

“आणि मग?”

“मग मी सेवानिवृत्त होईन. तेव्हा करू. तुझं तेव्हा चालू असेल, मी घरी भात टाकत जाईन.” तो हसत होता, पण थोड्या वेळानं गंभीर झाला. “द्वारका, भय्यासाहेबांना सरळ विचार ना. ते नाही म्हणणार नाहीत.”

तिथंच तर घोडं अडलं होतं. भय्यासाहेब नक्कीच ‘नाही’ म्हणाले असते. आदल्याच वर्षी त्यांच्या सख्ख्या भाच्याचा अर्ज एक दिवस उशिरा आला, तर घरात बहीण रडत बसलेली असताना त्यांनी तो परत केला होता. घरच्या माणसासाठी नियम वाकवायचा नाही, ही त्यांची रीत. आणि दीड वर्षात मी त्या घरची झाले होते. काकूंच्या हातचा वडाभात खाल्ला नाही असा माझा एक शनिवार गेला नव्हता. शिवाय मला मेहेरबानी नकोच होती. मी कामात कमी पडले असते तर गोष्ट वेगळी. लग्न करणं हा काय गुन्हा आहे?

दोन रात्री तळमळले. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन माझ्याच मशीनवर माझाच राजीनामा टाइप केला. पाच ओळींचा. एकही चूक झाली नाही, याचंही मला वाईट वाटलं.

पण आता दंडक आडवा आला. जिनं टाइप केला तिनंच वाचायचा. मी मनाशी ठरवलं, गठ्ठ्याच्या मधोमध घालायचा, बाकीच्या कागदांसारखाच वाचायचा, सही घ्यायची आणि पुढे जायचं. रडायचं नाही. तमाशा करायचा नाही.

साडेआठ वाजले. भय्यासाहेब आरामखुर्चीत, डोळे मिटून. येनुरकरबाबू भिंतीला लागून उभे, त्यांना काय येणार ते माहीत होतं. डोमाजी दारात. काकू उंबऱ्याशी, आजही भेंडीच. आमच्याकडे उन्हाळ्यात भेंडीला तोटा नसे.

पहिला कागद टाचण्यांच्या मागणीचा. कच्, कच्. सही. दुसरा, अहवालाचं पाचवं प्रकरण, ‘समान संधी’. हे भय्यासाहेबांनी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं. ‘स्वतंत्र देशात कोणत्याही नागरिकाची वाट जन्मानं, जातीनं अथवा स्त्री असल्यानं अडवली जाता कामा नये.’ सुंदर लिहिलं होतं. विळी छान तालात चालली होती. सही.

मग तिसरा. मी घसा साफ केला.

“‘माननीय अध्यक्ष यांस. माझा विवाह येत्या सात जून रोजी ठरला असल्यानं, कार्यालयाच्या नियम अकरा अन्वये मी माझ्या लघुलेखिका या पदाचा...’”

कच्.

बस. पुढचा आवाजच आला नाही.

मी वाचत राहिले. “‘...राजीनामा सादर करीत आहे. तो स्वीकारावा, ही विनंती. आपली नम्र, द्वारका पाठराबे.’”

“थांब,” भय्यासाहेबांनी डोळे उघडले. “विळी थांबली.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. जरा उद्धटपणेच म्हटलं.

“लग्न ठरलं? मला पेढा मिळाला नाही.”

“तुम्ही त्या दिवशी कमिशनरांकडे होतात.”

“हं. आणि हा नियम अकरा काय आहे?”

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला. “येनुरकरबाबू, तो नियम वाचून दाखवा. पूर्ण.”

काकूंनी असं थेट काही सांगितलेलं मी दीड वर्षात पहिल्यांदा ऐकलं. त्यांची मावशी नाही, गाय नाही, सांबार नाही. येनुरकरबाबूंनी पुस्तिका आणली आणि वाचला. भय्यासाहेबांचा चेहरा लाल होत गेला.

“अरे, आपण राज्यभरचे खडे वेचतो आहोत आणि आपल्याच ताटात हा दगड? कोणी घातला हा?”

“साहेब, जुन्या खात्याचे नियम तसेच घेतलेले...”

“कोणी घेतले? सही कोणाची आहे खाली?”

“साहेब, जाऊ द्या ना.”

“वाचा!”

येनुरकरबाबूंनी पुस्तिकेत तोंड खुपसलं. “‘मंजूर. मोरेश्वर वाडेगावकर, अध्यक्ष.’”

भय्यासाहेब खुर्चीत ताठ झाले.

“मी? न ऐकता?”

“उद्घाटनाचा दिवस होता, साहेब. मंडपात गर्दी, गळ्यात हार. तीस-पस्तीस कागद होते. आपण म्हणालात, कुठे करू सांगा.”

“आणि तू काय करत होतीस?” हे काकूंना.

“मी अमरावतीला होते. पुतणीच्या बाळंतपणाला.” काकूंनी विळी आडवी केली. “एक दिवस घर सोडलं, तर हे असं.”

डोमाजी फिसकन हसला. भय्यासाहेबांनी तिकडे बघितलं, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, खोडा, आणि झालं. पण नाही! न्यायाधीश होते ना ते.

“हे असं एका शब्दात होणार नाही,” ते म्हणाले. “द्वारका घरातली मुलगी. तिच्यासाठी मी नियम खोडला तर उद्या लोक म्हणतील, अध्यक्षांनी आपल्या माणसाची सोय केली. आणि नियम माझ्याच सहीचा. माझ्याच प्रकरणात मीच न्याय द्यायला बसू? मला बसता येत नाही. सुनावणी होईल. नियमाची बाजू मी मांडतो, सही माझी आहे. विरुद्ध बाजू द्वारका मांडेल.”

“आणि न्यायाधीश कोण?” येनुरकरबाबूंनी विचारलं.

भय्यासाहेब उठले, उंबऱ्यापर्यंत चालत गेले आणि काकूंसमोर वाकून म्हणाले, “आपण.”

“चला, काहीतरीच काय!” काकू म्हणाल्या. “माझी भाजी व्हायची आहे.”

“न्यायमूर्तींनी भाजीची चिंता करू नये.”

“मग जेवताना तक्रार करू नये. चालू करा. लवकर आटपा.”

मी शपथेवर सांगते, ते खरंच वाद घालायला उभे राहिले. चेष्टा म्हणून नाही. हात मागे बांधून, उच्च न्यायालयात उभे राहावं तसे. “न्यायमूर्ती महोदया, विवाहित स्त्रीला घर असतं. घराची जबाबदारी असते.”

“पुरुषाला घर नसतं का?” मी म्हटलं. “मग तो संध्याकाळी जातो कुठे?”

“तिला रजा लागेल. बाळंतपणं येतील. काम अडेल.”

“येनुरकरबाबूंनी मागच्या वर्षी हर्नियाची दोन महिने रजा घेतली. तेव्हा त्यांचं काम मी केलं. अडलं का?”

“साहेब, माझा हर्निया प्रकरणाबाहेरचा आहे!” येनुरकरबाबू ओरडले.

“नोंद घ्या,” काकू गंभीरपणे म्हणाल्या. “हर्निया बाहेर.”

“मी साक्षीदार देते,” मी म्हटलं. मला आता चेव चढला होता. “डोमाजी, पुढे ये.”

डोमाजी पुढे आला आणि कोणी काही विचारायच्या आतच सुरू झाला. “मी म्हणतो, लगन झाल्यावर बाईच्या हाताले का होते? बोटं झडते का? ते टायपिंग विसरते का?”

“साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात,” भय्यासाहेब म्हणाले.

“मंग कोण विचारीन? इतके दिवस तं कोणी विचारले नाई.”

पण भय्यासाहेब हार मानणारे नव्हते. त्यांनी पुन्हा घसा साफ केला. “नियमाचा हेतू वाईट नाही. पूर्वीपासून चालत आलेली पद्धत आहे. आजवर कोणाची तक्रार आलेली नाही. तक्रारच नाही, तिथं अन्याय आहे हे कशावरून?”

मग जे मनात दोन रात्री घोळत होतं तेच बोलून टाकलं. “भय्यासाहेब, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही वकिलीची सनद परत केली होती का?”

ते हसले. “नाही बुवा. मी नव्हता दिला राजीनामा.”

“मी दिला होता,” काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे वळलो. काकू भेंडीच्या ताटाकडे बघत होत्या.

“कसला?” भय्यासाहेबांनी विचारलं.

“अमरावतीला मुलींच्या शाळेत होते ना मी. तिसरी माझ्याकडे होती. चाळीस मुली.”

“शाळेत होतीस हे माहीत आहे मला. पण राजीनामा? तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाही.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी जुनी गोष्ट सहज सांगावी तशा सांगत होत्या. “साखरपुडा झाला त्या दुपारी वडील म्हणाले, गोदे, शाळेला चार ओळी लिहून टाक. तिथंही असाच नियम होता. मी टाकल्या लिहून. वडील म्हणाले, वाच, चूक नको राहायला. मी वाचलं मोठ्यानं. आई उंबऱ्याशी बसून भाजी चिरत होती. मला वाटलं, आता हिची विळी थांबेल. क्षणभर तरी थांबेल. मी अगदी हळूहळू वाचलं हो, तिला वेळ मिळावा म्हणून.” त्यांनी ताटातली एक भेंडी उचलली आणि पुन्हा ठेवली. “नाही थांबली.”

डोमाजीनं पागोटं काढून हातात घेतलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. भय्यासाहेब खोलीच्या मधोमध उभे होते. शेवटी म्हणाले, “नियमाच्या बाजूला आणखी काही सांगायचं नाही. निकाल व्हावा.”

“खोडा,” काकू म्हणाल्या. “आणि जाड रेघेनं खोडा.”

भय्यासाहेबांनी लाल पेन्सिल मागवली. पुस्तिका डोळ्यांपाशी नेऊन त्यांनी स्वतः रेघ ओढली, आणि कागद फाटेपर्यंत ओढली. मग बाकीच्या सभासदांना पाठवायचं पत्र मला सांगितलं. त्यात आपण हा नियम न ऐकता मंजूर केला होता हे पहिल्याच वाक्यात लिहायला लावलं. येनुरकरबाबू म्हणाले, “साहेब, हे वाक्य नसलं तरी चालेल.” ते म्हणाले, “असलं पाहिजे.” पाचव्या प्रकरणातही त्यांनी एक परिच्छेद वाढवला. इतर कार्यालयांत असे नियम कुठे दडून बसले असतील ते शोधावेत म्हणून.

“आणि हा अर्ज?” येनुरकरबाबूंनी माझा राजीनामा धरला.

“नसलेल्या नियमाखाली आलेला अर्ज. परत करा.”

दोन दिवसांत सभासदांची संमती आली. येनुरकरबाबू स्वतःच्या पैशानं पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. त्र्यंबकला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आता मला भात टाकायला शिकायला नको?” मी म्हटलं, शीकच. शिकला तो. चांगला मोकळा भात करायचा.

सात जूनला लग्न झालं. सतराला मी कामावर. हातात हिरवा चुडा, मशीनवर बोटं पडली की खळखळ खळखळ. भय्यासाहेब म्हणायचे, “द्वारका, बांगड्या अहवालात उतरवू नकोस.” मंगळसूत्र मी पदरावरच ठेवत होते. डोमाजी येताजाता बघायचा आणि मिशीत हसायचा.

महिनाअखेर अहवालाची शेवटची बैठक आली. त्यानंतर भय्यासाहेबांना दिल्लीला मोठ्या पदावर जायचं होतं. पुढे ते परदेशातही गेले, मोठमोठ्या न्यायसभांत बसले, पेपरात फोटो यायचे. पण त्या दिवशी अजून सामानाच्या पेट्या अर्ध्याच भरल्या होत्या आणि आमचं साडेआठचं वाचन चालू होतं.

शेवटचं पान आभाराचं होतं. भय्यासाहेबांनी नावं सांगितली होती, मी टाइप केली होती. फक्त एक ओळ माझी होती, न विचारता घातलेली. नोकरी वाचवणाऱ्या माणसाच्याच कागदात असा आगाऊपणा करायला नको होता. पण केला होता.

मी वाचायला लागले. सभासदांची नावं झाली. विळी चालू होती. मग मी वाचलं, “‘या अहवालातील प्रत्येक कलमाची पहिली परीक्षा श्रीमती गोदावरी वाडेगावकर, माजी शिक्षिका, मुलींची शाळा, अमरावती, यांनी केली.’”

विळी थांबली.

मीही थांबले. भय्यासाहेबांचे डोळे मिटलेलेच होते.

“थांबली, भय्यासाहेब,” मी हळूच म्हटलं.

“ऐकलं. मला दिसत नाही, ऐकू येतं.”

“मग खोडू?”

“नाही. पुढचं वाच.”

“अहो,” काकूंचा आवाज कसातरीच झाला होता, “थांबली आहे ना विळी!”

“थांबू दे,” भय्यासाहेब म्हणाले. “एकतीस वर्षं चालली आहे. थांबू दे जरा.”

मी पुढचं नाव वाचलं. ते येनुरकरबाबूंचं होतं.